वाफसा

चेपलेला दरवाजा नुसता बघून श्रीरंग कुलथे सांगू शकायचा, की गाडीला खरंच कुणी ठोकलंय की मालकाने स्वतःच ती फाटकावर घातलीय. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून नाशकात त्याचं नाव होतं. गॅरेजवाले त्याला वचकून असत आणि चहाही तेच पाजत. मग कंपनीने एक ॲप आणलं. मालकाने मोबाइल गाडीभोवती एकदा फिरवायचा, की ठोकर कुठून बसली, किती वेगाने बसली आणि दुरुस्तीला काय लागेल, हे सगळं सांगून ॲप मोकळं. सुरुवातीला श्रीरंग त्याच्या चुका काढून सहकाऱ्यांची करमणूक करायचा. त्या चुका कंपनी आनंदाने टिपून घेतेय आणि ॲप त्यातूनच शहाणं होतंय, हे त्याच्या लक्षात यायला जरा उशीरच झाला. एका सोमवारी सगळ्या सर्व्हेअरांना एकत्र बोलावून उत्तम नाश्ता दिला आणि घरी पाठवलं.

त्याची बायको गौतमी हिला तेव्हा पाचवा महिना होता. ती एका कॉलेजात कंत्राटावर शिकवायची, म्हणजे बाळंतपणाची रजा बिनपगारीच. श्रीरंगने नवी नोकरी शोधायला घेतली आणि त्याला दिसलं, की डोळ्यांनी पाहून अंदाज बांधायची जेवढी म्हणून कामं होती ती एव्हाना माणसांच्या हातून गेली होती. कापड तपासणारे गेले, निर्यातीची द्राक्षं निवडणारे गेले, एक्स-रे वाचणारे गेले. आजारी माणसाला कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं हेसुद्धा यंत्रं नीट करायला लागली होती.

‘सांगाती’ नावाच्या संस्थेची जाहिरात गौतमीनेच त्याला दाखवली. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी सोबती हवेत, पगार चांगला, अनुभवाची गरज नाही. अट एकच आणि ती वाचून दोघंही हसले होते. उमेदवाराची पत्नी गरोदर असावी.

संस्थेतल्या डॉक्टर सांगळे सिन्नरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. बाई गरोदर असताना तिच्या शरीरात काय काय बदलतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्या सांगू लागल्या, पण तिच्यासोबत राहणाऱ्या पुरुषाच्या मेंदूतही त्या काळात फेरफार होतात, याकडे कितीतरी वर्षं कुणी लक्षच दिलं नव्हतं. काही संप्रेरकं वाढतात, काही उतरतात. ओळख आणि माया यांच्याशी संबंध असलेल्या पेशींभोवती एक घट्ट जाळं असतं, ते सैल पडतं. मोठ्या माणसात हे जाळं सहसा सैल होत नाही, म्हणून तर मोठेपणी नवी भाषा जिभेवर बसत नाही. बाप होण्याच्या सुमारास मात्र काही आठवडे ते सैल होतं, आणि त्या आठवड्यांत जे मूल रोज हातात येतं ते आत जाऊन बसतं. पुढे जाळं पुन्हा आवळतं.

डॉक्टरबाई या अवस्थेला वाफसा म्हणायच्या. पावसानंतर जमीन ना चिखल ना कोरडी अशी होते, तेव्हा पेरलेलं हटकून रुजतं, तोच हा वाफसा. ‘सांगाती’चा शोध एवढाच होता, की नाकात मारायच्या एका फवाऱ्याने हा वाफसा वाढवता येतो, लांबवता येतो, आणि त्या काळात बाळाऐवजी दुसरं कुणी हातात दिलं तर तेही तसंच रुजतं. ज्यांची वाचा गेली, हातपाय गेले, अशांना यंत्रं पुसतील, भरवतील. अंगाला लावलेली उपकरणं ताप सांगतील, नाडी सांगतील. पण माणूस कंटाळलाय, की पाठीला चुरचुरतंय, की खोलीत आलेला पाहुणा त्याला नकोसा झालाय, हे त्यांना उमगत नाही. ज्याच्या आत तो माणूस रुजलाय त्यालाच ते उमगतं.

आयांवर हे औषध वापरायला कायद्याने बंदी होती. बापांचा विचार कायदा करणाऱ्यांच्या डोक्यातच आला नव्हता.

“आणि माझं बाळ?” श्रीरंगने विचारलं.

“त्याचं तुम्ही सगळं कराल,” डॉक्टर सांगळे म्हणाल्या. “काही कमी पडू देणार नाही. आमच्याकडचे सगळे बाप चांगले बाप आहेत. पण ते तसं आत जाईल का, हे मी सांगू शकत नाही. वाफसा एकच असतो, कुलथे. विचार करून या.”

त्याने विचार केला आणि एकट्याने केला नाही, हेही सांगायला हवं. त्याने कुणापासून काही लपवलं नाही. घरात रीतसर चर्चा झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्या महिन्यात गौतमी कराडला जाणार आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की परत येणार, हे ठरलेलंच होतं. फवाऱ्याचे आठवडे नेमके तेवढेच. हिशोब असा चपखल बसला की सगळ्यांना तो देवाचाच संकेत वाटला. श्रीरंगच्या आईने तर विषय हसण्यावारी नेला. “तुझ्या वडिलांनी तुला पहिल्यांदा कडेवर घेतलं ते तुझं जावळ काढल्यावर. काय बिघडलं तुझं?” श्रीरंगने आठवून पाहिलं. वडिलांबद्दल त्याला आदर होता. त्यापलीकडचं काही चटकन आठवेना, पण तेव्हा त्याला तेवढं पुरेसं वाटलं.

सासूबाईंनी फोनवर सांगितलं, जावईबापूंनी बारशाला यावं म्हणजे झालं, बाकी आम्ही आहोत. गौतमीने दोन दिवसांनी विषय काढला. डोहाळजेवणाची हिरवी साडी घडी करताना ती म्हणाली, “मी तिकडेच असणार. तू येऊन काय करणार, हॉलमध्ये बसून चहा पिणार. त्यापेक्षा हे बरं.” पुढे या वाक्याने तिला फार छळलं. पण त्या दिवशी ते शहाणपणाचंच होतं, आणि आपल्यातल्या कुठल्याही घरात ते तसंच ठरलं असतं.

श्रीरंगला मिळालेल्या माणसाचं नाव भालचंद्र गुप्ते. गंगापूर रोडला बंगला, एके काळी कोर्ट गाजवलेला वकील. ब्रेन स्ट्रोकनंतर वाचा गेली, मानेखालचं अंग गेलं. डावी भुवई तेवढी हलायची, आणि त्याच बाजूच्या हाताचं एक बोट. मुलगी रेवती दातांची डॉक्टर, बापाजवळच राहायची आणि बापाचं करता करता थकून गेली होती. श्रीरंगचं तिने स्वागत केलं ते सुटका झाल्यासारखं.

पहिले काही दिवस श्रीरंगला किळस यायची. परक्या म्हाताऱ्याच्या तोंडातली लाळ पुसायची, त्याच्या काखा धुवायच्या, आणि वर त्याच्याकडे मायेने बघायचं. सकाळ-संध्याकाळ तो फवारा ओढायचा आणि मनातल्या मनात स्वतःला हसायचा. मग एका सकाळी गुप्तेकाकांच्या डोक्याला खोबरेल तेल लावताना तो सहज खाली वाकला, टाळूचा वास त्याच्या नाकात गेला, आणि त्याला तो वास पुन्हा घ्यावासा वाटला. त्याने आजूबाजूला पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. त्याने पुन्हा वास घेतला.

त्यानंतर सगळं भराभर होत गेलं. भुवई वर गेली की हो आणि आवळली की नाही, एवढं रेवतीलाही ठाऊक होतं. श्रीरंगला भुवई हलायच्या आधीच कळायला लागलं. काकांच्या श्वासावरून त्याला कळायचं की पेज गार झालीय. बातम्या लावल्या तर बोट ज्या तऱ्हेने पडून राहायचं त्यावरून कळायचं की हा निवेदक त्यांना आवडत नाही. भावकीतला एक गृहस्थ दर रविवारी यायचा आणि तासभर बोलायचा. श्रीरंगने त्याला तिसऱ्या रविवारी दारातूनच परत पाठवलं. रेवती रागावली. मग तिने वडिलांचा चेहरा पाहिला आणि तिचा राग ओसरला, कारण कित्येक महिन्यांनी तो सैलावला होता. “मी त्यांची सख्खी मुलगी,” ती एकदा म्हणाली, “आणि मला तुम्हाला विचारावं लागतं.” तिच्या आवाजात उपकाराची भावना होती, आणि दुसरंही काही होतं.

मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा श्रीरंग काकांना नाचणीची पेज भरवत होता. पडद्यावर सासूबाईंनी दुपट्यातलं लालबुंद तोंड दाखवलं, मागून गौतमीचा दमलेला आवाज आला. श्रीरंगला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. फोन ठेवून तो काकांकडे वळला, “मुलगी झाली, काका,” म्हणाला, आणि काकांना बरं वाटलं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावर बघत राहिला. भुवई वर गेली. त्या क्षणी त्याचे डोळे भरून आले, आणि ते मुलीमुळे भरलेत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

बारशाला तो एका दिवसाची परवानगी काढून कराडला गेला. बायकांनी पाळणा म्हटला, नाव ठेवलं रुंजी, आणि कुणीतरी मुलगी त्याच्या हातात दिली. नाक-डोळे सुबक होते, सगळ्या म्हणत होत्या बापावर गेलीय. श्रीरंगने तिला नीट, मान सावरून धरलं. मान न सावरणाऱ्या जिवाला धरायची त्याच्या हातांना आता सवय होती. तो वाट बघत उभा राहिला. काय व्हायला हवं ते त्याला नेमकं माहीत होतं, कारण ते त्याला नाशकात झालं होतं. इथे एक गोड मूल होतं, त्याचं स्वतःचं, आणि त्याच्या मनात सारखं येत होतं की काकांना डाव्या कुशीवर वळवलं असेल का. थोड्या वेळाने रुंजीला सासूबाईंकडे देऊन तो मागच्या पडवीत गेला आणि त्याने बंगल्यावर फोन लावला. सासूबाईंनी ते पाहिलं आणि जावयाचा कामात किती जीव आहे ते चार जणींना कौतुकाने सांगितलं.

रुंजी तीन महिन्यांची झाली आणि गौतमी परत आली. फवारा बंद झाला होता, रुजलेलं पक्कं व्हावं म्हणून ‘सांगाती’ने दिलेली जाळं आवळायची गोळीही घेऊन झाली होती. श्रीरंगने घर असं लावून ठेवलं होतं की गौतमी बघत राहिली. बंगल्यावरच्या कामावरून आला की तो दुपटी धुवायचा, मालीश करायचा, वरचं दूध मोजून द्यायचा, आठवड्यात तीन दिवस स्वयंपाक त्याच्याकडे. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. गौतमीच्या हळूहळू लक्षात आलं ते एवढंच, की रुंजी रडली की श्रीरंग घड्याळाकडे बघतो. भूक असेल तर वेळ झालीय का, झोप असेल तर किती झालीय. घड्याळातून उत्तर मिळालं नाही की तो रुंजीला घेऊन तिच्याकडे यायचा आणि विचारायचा, “हिला काय हवंय?” गौतमी सांगायची. पुरुषांना वेळ लागतो, असं ती स्वतःला पुष्कळ दिवस समजावत राहिली.

रुंजी दोन वर्षांची असताना श्रीरंगच्या सुट्टीच्या एका दुपारी तिला तापात झटके आले. श्रीरंगने तिला कुशीवर केलं, तोंड मोकळं ठेवलं, वेळ बघितली, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांना सगळं क्रमवार सांगितलं. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. धोका टळला, मुलगी झोपली, गौतमी पलंगाशी बसून अजून रडत होती. तेवढ्यात रेवतीचा फोन आला, की बाबा सकाळपासून काही घेत नाहीत, खोकताहेत. श्रीरंगने फोन खिशात ठेवायला घेतला आणि तो खाली पडला. उचलला, पुन्हा पडला.

गौतमीने डोळे पुसले. “मघाशी हिला झटके येत होते तेव्हा तुझे हात स्थिर होते,” ती म्हणाली.

“कुणीतरी शांत राहायला हवं ना.”

“मग आता का थरथरताहेत?”

श्रीरंगने हातांकडे पाहिलं.

“तू घाबरायला हवं होतंस रे,” गौतमी म्हणाली. “चुकला असतास तरी चाललं असतं. मला घाबरलेला माणूस हवा होता.” मग चेहरा फिरवून ती म्हणाली, “जा तू. तिकडे गेला नाहीस तर इथं तुझं लक्ष लागायचं नाही.” आणि तो गेला. नको जायला, असं वाटत असताना गेला, आणि काकांच्या छातीवर हात ठेवल्यावरच त्याचा जीव खाली पडला. त्या दिवसानंतर गौतमीने दुसऱ्या मुलाचा विषय कधी काढला नाही. भांडलीही नाही. ती त्याच्याशी चांगली वागायची, जसा तो रुंजीशी चांगला वागायचा.

काका त्यानंतर दीड वर्षाने गेले, सकाळी, अंघोळीनंतर. श्रीरंग त्यांचे केस पुसत होता आणि टॉवेलाखाली काहीतरी थांबल्याचं त्याला कळलं. रेवतीने पाठवलेला निरोप मिळून गौतमी रुंजीला घेऊन बंगल्यावर पोचली, तेव्हा बाहेर नातेवाईक जमले होते आणि आतून एक माणूस ओरडून रडत होता. असं रडणं गौतमीने एकदाच ऐकलं होतं, कराडला शेजारच्या घरातलं लहान मूल गेलं होतं तेव्हा. नातेवाईक एकमेकांकडे बघत होते. सख्खी मुलगी कोरड्या डोळ्यांनी नोकराची पाठ चोळत होती. गौतमी पायरीवरच उभी राहिली. आपल्या नवऱ्याला किती माया करता येते हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि तिला त्या मेलेल्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. त्याची लाज वाटली तरी हेवा गेला नाही.

तेराव्यानंतर ‘सांगाती’ने श्रीरंगला रजा दिली आणि सांगितलं, की तुमच्याकडे पुन्हा गोड बातमी असेल तेव्हा कळवा, दुसरं माणूस देता येईल. श्रीरंग डॉक्टर सांगळेंसमोर जाऊन बसला. तिच्यासाठी वाफसा आणता येईल का, त्याने विचारलं. रुंजीसाठी. काम नको, पगार नको.

गोळीने आवळलेलं जाळं नुसत्या फवाऱ्याने सुटत नाही, डॉक्टरांनी सांगितलं. दुसरं मूल होणार असेल तर निसर्ग थोडं सोडवेल, पण मग आत येईल ते दुसरं मूल. रुंजीची वेळ गेली.

“तुम्ही मला सांगितलं होतं,” श्रीरंग म्हणाला. “तुमची चूक नाही.”

“सांगितलं ते अर्धंच होतं,” डॉक्टर म्हणाल्या. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. “आम्ही फक्त बापांचा अभ्यास केला. मुलांना औषध लागत नाही, कुलथे. पहिली दोन-तीन वर्षं त्यांना सतत वाफसाच असतो. जो माणूस रोज समोर असेल तो त्यांच्यात रुजतो. आपण त्याच्या आत आहोत की नाही, हे ती बघत नाहीत.”

श्रीरंग घरी आला. गौतमी अजून कॉलेजात होती, रुंजीला सांभाळायला आलेली शेजारची काकू दार लावून गेली. तो चपला न काढताच सोफ्यावर बसला. साडेतीन वर्षांची रुंजी चित्र रंगवत होती. तिने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि खडू ठेवला. आधी तिने टीव्ही बंद केला. मग खिडकीचा पडदा ओढला, कारण ऊन त्याच्या डोळ्यांवर येत होतं आणि ते त्याला जाणवायच्याही आधी तिला जाणवलं होतं. आत जाऊन तिने दोन्ही हातांत धरून पाण्याचा पेला आणला, अर्धं पाणी सांडत. त्याने पेला घेतला तेव्हा त्याला कळलं की आपल्याला तहान लागली होती. पाणी पिऊन होईस्तोवर ती काही बोलली नाही. मग त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि त्याच्या मनगटावर एक बोट ठेवून राहिली. एवढंच, कारण कुशीत शिरलेलं त्याला आज सोसलं नसतं.

श्रीरंगने रिकामा पेला हलकेच खाली ठेवला. हे काय आहे ते ओळखणारा नाशकात त्याच्याइतका माहीतगार माणूस नव्हता. एखाद्याला पेज गार झाल्याचं सांगावं न लागता कळतं, पाहुणा नकोसा झाल्याचं कळतं, ते हेच. हे या घरात किती दिवस चाललं होतं? तो रोज संध्याकाळी दमून यायचा, तिला नेमून दिल्यासारखा खाऊ द्यायचा, गोष्ट सांगायचा, आणि ती हे करत असायची. त्याला वाटायचं, पोरगी शहाणी आहे, हट्ट करत नाही.

तो वळून तिच्याकडे बघू लागला. कपाळ, भुवया, ओठांचे कोपरे, एकेक नीट बघत गेला. इतक्या वर्षांचं त्याचं सगळं कसब त्याने त्या चेहऱ्यावर पणाला लावलं. चेहरा सुबक होता, शांत होता, आणि त्याला त्यातलं काहीही वाचता येत नव्हतं. छातीत भरून आलं ते दुःख होतं, आणि तेही तिच्यासाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं, हेही त्याला कळलं.

“रुंजी,” त्याने विचारलं, “तुला काय हवंय गं?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. बोट मनगटावरून काढलं नाही.

“काही नको, बाबा,” ती म्हणाली.

ती खरं सांगतेय, की त्याला आज त्रास नको म्हणून तसं म्हणतेय, हे श्रीरंग तिच्या चेहऱ्याकडे बघत शोधत राहिला. त्याला ते कळलं नाही.